खानदेशातील बालवाचक आणि रहस्यकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या बालवाचनालयातून सर्वांत जास्त बाहेर जाणारी पुस्तके रहस्यकथांची असतात आणि पालकांच्या सर्वांत जास्त शंकाही याच पुस्तकांविषयी असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आई-वडील, आजी-आजोबा आणि शिक्षक जे नेहमी विचारतात, ते येथे एकत्र केले आहे.

मुलांना रहस्यकथा इतक्या का आवडतात?

कारण या कथेत मुलांना खरे काम मिळते. मोठ्यांच्या जगातील पुष्कळशा गोष्टी मुलांपर्यंत अर्धवटच पोहोचतात. घरात कुजबुज कशाची चालली आहे, काका अचानक सुरतेला का निघून गेले, ठरलेला शेताचा व्यवहार ऐन वेळी का मोडला, हे विचारले की ‘तुला काय करायचंय, जा खेळ’ एवढेच उत्तर मिळते. रहस्यकथेचा लेखक असे म्हणत नाही. नायकाला जे दिसले, ते तो वाचणाऱ्या मुलासमोरही ठेवतो आणि आता तू सांग, असे सुचवतो. दहा वर्षांच्या मुलाला इतक्या बरोबरीने वागवणारे दुसरे माणूस त्याच्या आसपास क्वचितच असते.

याला कुतूहलाची बाजूही आहे. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी एक मांडणी केली. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय जाणून घ्यावेसे वाटते यांतील अंतराची जाणीव झाली की कुतूहल जागे होते, असे तिचे सार आहे. ज्याविषयी काहीच ठाऊक नाही त्याची ओढ फारशी वाटत नाही. बरेचसे कळलेले असते आणि नेमका एक तुकडा निसटलेला असतो, तेव्हा मात्र चैन पडत नाही. रहस्यकथा नेमके हे अंतर निर्माण करते आणि प्रकरणागणिक थोडे थोडे कमी करत नेते. शाळेत वाचायचा कंटाळा करणारा मुलगा मे महिन्यातील दुपारी, बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात गेलेला असताना, पंख्याखाली पालथा पडून शंभर पाने सलग वाचतो, याचे कारण येथे सापडते.

तिसरे कारण पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. या कथा शेवटी घडी नीट बसवून देतात. काय झाले, कोणी केले, का केले हे तिन्ही कळते आणि ज्याच्यावर खोटा आळ आला होता तो मोकळा होतो. खोटा आळ मुलांना फार लागतो. वर्गात पेन हरवले आणि नाव आपले आले, हा अनुभव बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेला असतो, म्हणून कथेतील निरपराध माणूस सुटल्यावर त्यांना मनापासून आनंद होतो.

कोणत्या वयापासून या कथा द्याव्यात?

रहस्यकथा कळण्यासाठी अक्षरओळख पुरेशी नसते. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज घेता यावा लागतो. दुसऱ्या माणसाची समजूत चुकीची असू शकते, हे साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाला उमगू लागते. एकाला दुसऱ्याच्या समजुतीविषयी काय वाटते, म्हणजे ‘आपण पेटी हलवली हे सखूला माहीत नाही असे रामूला वाटते, पण तिला ते माहीत आहे’, अशी दुहेरी गुंतागुंत मात्र साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान आवाक्यात येते. संशयित माणूस साळसूदपणाचा आव आणतो, हा रहस्यकथेचा कणा आहे आणि तो या दुहेरी समजुतीवर उभा असतो.

त्यामुळे पहिली-दुसरीच्या मुलांना हरवलेल्या वस्तूच्या, चित्रांतून शोधायच्या छोट्या गोष्टी पुरतात. बिरबलाच्या चातुर्यकथाही या वयाला उत्तम. प्रत्येक संशयिताला सारख्या लांबीची काठी देऊन ‘चोराची काठी रात्रीत बोटभर वाढेल’ असे सांगणारी बिरबलाची कथा ही एक नेटकी तपासकथाच आहे. तिसरी-चौथीपासून एका बैठकीत संपणाऱ्या रहस्यकथा द्याव्यात आणि पाचवी-सहावीपासून पूर्ण कादंबरी. इयत्ता हा अंदाजच आहे. मूल वाचता वाचता मध्येच थांबून ‘मला वाटतं त्यानेच घेतलं’ असे म्हणू लागले की ते तयार झाले, असे खुशाल समजावे.

मराठीतून वाचण्यासाठी कोणती पुस्तके सुचवाल?

सुरुवात भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेपासून करावी. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो आणि काही विशेष दिसले की जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. तो काडीपैलवान आहे आणि धाडसापायी अडचणीत सापडतो, म्हणून मुलांना तो आपल्यातलाच वाटतो. काटेकोरपणे पाहिले तर या साहसकथा आहेत, त्यांत कोडे कमी आणि धावपळ जास्त आहे. पण वाचनाचा वेग अंगात भिनवण्यासाठी मराठीत त्यांच्या तोडीचे फार थोडे आहे.

त्यानंतर फेलुदा. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’ या बंगाली बालमासिकात फेलुदाची पहिली कथा लिहिली. हे मासिक त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर राय यांनी, १९१३ मध्ये सुरू केले होते. अशोक जैन यांनी या कथा मराठीत आणल्या. त्या फेलुदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो, आणि यातच त्यांचे मर्म आहे. तोपशेला सगळे दिसते, पण त्याचा अर्थ लागत नाही. वाचणाऱ्या मुलाची अवस्था तीच असते. त्यांतील एका कथेत मूर्तीतस्करीचा माग काढत फेलुदा वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. वेरूळची सहल करून आलेल्या चाळीसगावच्या मुलांना ही कथा वाचताना जे वाटते, ते कोलकात्याच्या मुलांनाही वाटत नसेल.

शेरलॉक होम्सच्या कथा भालबा केळकर यांनी मराठीत आणल्या आहेत. त्या मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत, तरी सातवीपासून पुढच्या मुलांना निवडून द्याव्यात. १८९२ मधील शर्यतीच्या घोड्याच्या चोरीची कथा आधी द्यावी, कारण सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वडिलांचे बोट धरून फिरलेल्या मुलांना घोड्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. त्या कथेत रात्री तबेल्यातील कुत्रा भुंकत नाही. न भुंकणे हाच पुरावा कसा, हे शहरातल्या मुलांना विचार करून सुचते. मळ्यात कुत्रा पाळणाऱ्या घरातील मूल पान उलटण्यापूर्वीच उत्तर सांगते.

एरिख केस्टनर यांच्या १९२९ मधील जर्मन कादंबरीची गोष्ट शिक्षकांनी स्वतः वाचून वर्गात सांगावी, इतकी ती भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला जवळची आहे. एमिल नावाचा मुलगा एकटा रेल्वेने बर्लिनला निघतो, डब्यात त्याचा डोळा लागतो आणि आजीसाठी नेत असलेले पैसे चोरीला जातात. मग शहरातील मुले जमून चोराचा पाठलाग करतात. नोटा खिशातून पडू नयेत म्हणून एमिलने त्या कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवल्या होत्या, हे लेखक आधीच सांगून टाकतो. गोष्ट सांगताना टाचणीचा उल्लेख गाळू नये आणि त्यावर जोरही देऊ नये.

ज्या गावात वाचनालय नाही, तेथे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक उपयोगी पडते. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. दिवाळी अंकांतून रहस्यकथा हमखास सापडतात.

आजोबांच्या काळातील बाबूराव अर्नाळकर आजच्या मुलांना चालतील का?

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय, झुंजार, काळा पहाड या नायकांनी मराठी माणसांच्या दोन पिढ्या जागवल्या. आजोबांनी त्या नातवंडांना वाचून दाखवाव्यात, भाषेचा ठसका त्यांनाही आवडतो. मात्र त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या होत्या, त्यामुळे आधी स्वतः चाळून मगच मुलांच्या हाती द्याव्यात.

भुताच्या गोष्टी आणि रहस्यकथा यांत फरक काय? मुलगा भुताच्या गोष्टींनाच रहस्यकथा म्हणतो.

फरक मोठा आहे आणि तो मुलांना समजावून सांगणे आम्ही आमचे कामच मानतो. भुताच्या गोष्टीत प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, प्रश्न विचारणेच थांबते. विहिरीवर रात्री आवाज येतो, तो हडळीचा, संपले. रहस्यकथेत तोच आवाज आला तर कोणीतरी विहिरीवर जाते, दोर कुठे घासला आहे ते पाहते, चिखलातील पाऊल मोजते आणि आवाज अमावास्येलाच येतो की मोटारीला वीज असते त्या रात्री येतो, याची नोंद ठेवते.

खानदेशात हा फरक पुस्तकापुरता राहत नाही. सातपुड्याच्या भागात एखादे मूल आजारी पडले किंवा जनावर दगावले की एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याचे प्रकार घडत आले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला गुन्हा ठरवले. कायदा घडल्यानंतर येतो. घडण्यापूर्वी कोणीतरी ‘हिनेच केले याला पुरावा काय?’ असे विचारणारे गावात असावे लागते. रहस्यकथा वाचणारे मूल हा प्रश्न पुस्तकातून पन्नास वेळा विचारते. जो सगळ्यांना नकोसा आहे, ज्याच्यावर पहिल्यांदा संशय जातो, तो बहुधा गुन्हेगार नसतो, हेही ते पुन्हा पुन्हा पाहते. या एका कारणासाठी रहस्यकथा प्रत्येक आश्रमशाळेच्या कपाटात असाव्यात, असे आमचे ठाम मत आहे.

याचा अर्थ भुताच्या गोष्टी बंद कराव्यात असा नाही. गच्चीवर अंथरुणे टाकून आजीकडून ऐकलेल्या गोष्टींची मजा वेगळीच असते. मूल ती गोष्ट ऐकून घाबरले तर दुसऱ्या दिवशी त्याला शोधक होऊ द्यावे आणि आवाज कशाचा असू शकेल, याची यादी त्याच्याकडूनच करून घ्यावी.

चोरी, खून, अपहरण यांविषयी वाचून मुले बिघडणार नाहीत का, किंवा घाबरणार नाहीत का?

मुलांसाठी जाणीवपूर्वक लिहिलेल्या रहस्यकथांत खुनाचे वर्णन टाळलेले असते किंवा तो पडद्याआड घडतो. त्यांतील गुन्हा बहुधा चोरी, फसवणूक, बनावट वस्तू किंवा पळवलेला खजिना एवढाच असतो. फेलुदाच्या कथांत मृत्यू येतात, पण वाचक लहान आहेत हे राय यांनी कधी विसरू दिले नाही. खरी काळजी दूरचित्रवाणीवरील गुन्ह्यांच्या मालिकांची करावी. तेथे गुन्ह्याचे नाट्यरूपांतर संगीतासह डोळ्यांसमोर येते आणि मूल ते थांबवू शकत नाही. पुस्तकातील भीतीचा लगाम मुलाच्या हातात असतो. ते पान मिटते, पाणी पिऊन येते, आईजवळ जाऊन बसते आणि मग पुन्हा उघडते.

रात्री झोप लागत नसेल, अंधारात एकटे जायला मूल तयार नसेल, तर ते पुस्तक काही महिने बाजूला ठेवावे. त्यावरून त्याला भित्रट म्हणू नये.

मुलगी आधी शेवटचे पान वाचते आणि मग सुरुवात करते. ही सवय मोडावी का?

अनेक पालक याविषयी तळमळीने विचारतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लघुकथा वाचायला दिल्या होत्या आणि शेवट आधीच सांगितलेल्या कथा त्यांना जास्त आवडल्याचे दिसले. त्या कथांत रहस्यकथाही होत्या. पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांतून उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. पण शेवट कळला म्हणजे सगळी गोडी गेली, असे समजण्याचे कारण नाही, एवढे त्यातून नक्की म्हणता येते.

अशा मुलीला रागावू नये. काही मुलांना अनिश्चितता सहन होत नाही. शेवट सुखाचा आहे हे कळल्यावरच ती निवांतपणे वाचतात आणि लेखकाने खुणा कुठे पेरल्या, हे पाहण्यात त्यांना आनंद वाटतो. हेही बारकाईचे वाचनच आहे. मात्र एकाने स्वतः शेवट पाहणे वेगळे आणि दुसऱ्याला सांगून टाकणे वेगळे. वाचनालयात दुसऱ्याची कथा फोडायची नाही, हा आमचा एकमेव कडक नियम आहे आणि मुले तो आमच्यापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळून घेतात.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा का वाचले जाते?

पहिल्या वाचनात मूल शोधकाच्या मागे धावत असते, दुसऱ्या वाचनात ते लेखकाच्या शेजारी बसलेले असते. ‘अरे, हे तर इथेच सांगितलं होतं’ हा आनंद दुसऱ्या वाचनातच मिळतो. वाचू द्यावे.

घरी अहिराणी बोलली जाते. प्रमाण मराठीतील रहस्यकथा मुलांना जड जातील का?

आमचा अनुभव उलट आहे. घरी अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकातील निबंधवजा धड्यांपेक्षा रहस्यकथेची मराठी सोपी जाते, कारण तिच्यात संवाद खूप असतात आणि पुढे काय होते याची ओढ अडलेल्या शब्दावरून पुढे नेते. शिवाय या कथेत शब्दाला किंमत असते. ‘दार ओढून घेतले होते’ आणि ‘दाराला कडी होती’ यांतील फरकावर सगळे प्रकरण फिरते, त्यामुळे एरवी वरवर वाचणारे मूलही येथे शब्दापाशी थांबते.

वाचन मराठीत झाले तरी चर्चा मात्र मुलांना त्यांच्या बोलीत करू द्यावी. ‘चोर कोन शे?’ असे विचारले की मागच्या रांगेतील हातही वर येतात. जो विचार आपल्या बोलीत सुचतो तो आधी बोलीतच पूर्ण होऊ द्यावा. तो मराठीत लिहून काढणे ही पुढची पायरी आहे आणि तिची घाई करू नये.

याचा अभ्यासाला काही उपयोग होतो का?

उपयोग होतो, पण उपयोगासाठी रहस्यकथा वाचायला लावल्या की मुले त्यांना पाठ्यपुस्तकासारखीच टाळू लागतात. तरीही शिक्षक हा प्रश्न कळकळीने विचारतात, म्हणून आपल्याच परिसरातील दोन गोष्टी सुचवतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ साधारण ११५० मधला. त्यातील पुष्कळ गणिते उत्तर दडवून ठेवणाऱ्या छोट्या गोष्टी आहेत. भुंग्यांचा एक थवा असतो. त्याचा पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर जातो, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर, या दोन हिश्शांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलाकडे जातात आणि एकच भुंगा सुगंधाने गोंधळून हवेत इकडे तिकडे फिरत राहतो. तर एकूण भुंगे किती? हे गणित फळ्यावर मांडण्यापूर्वी गोष्ट म्हणून सांगावे. हरवलेले सगळे भुंगे शोधायचे आहेत आणि आपल्या हाती एकच लागला आहे, असे म्हटले की अपूर्णांकांना घाबरणारी मुलेही पुढे सरकतात. उत्तर मुलांनीच काढावे म्हणून येथे दिलेले नाही.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. जळगावच्या शाळांची सहल तेथे हमखास जाते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरली. तसे करणे गैरच होते. पण मुलांना तेथे उभे करून एवढेच विचारावे, की हे नाव माणसाच्या डोक्याच्याही वर, हात सहज पोहोचणार नाही अशा उंचीवर का आहे? स्मिथ खूप उंच होता का, त्याने शिडी आणली होती का, तो घोड्यावर होता का, असे तर्क येऊ द्यावेत आणि प्रत्येक तर्काला ‘मग त्याची खूण कुठे दिसेल?’ असे विचारावे. लेणे तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्याने भरलेले होते आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता, हे उत्तर एखाद्या तरी मुलाला खाली फरशीकडे पाहताना सुचते. इतिहासाचा शिक्षक या एका प्रश्नातून जे शिकवतो, ते सनावळीतून शिकवता येणार नाही.

एरंडोल तालुक्यातील फरकांड्याचे झुलते मनोरे, चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, अशी आणखीही स्थळे आहेत. तेथे गेल्यावर माहितीफलक आधी वाचून दाखवू नये.

चांगली रहस्यकथा कशी ओळखावी? बाजारात पुस्तके पुष्कळ आहेत.

एकच कसोटी पुरेशी आहे. लेखक वाचकाशी प्रामाणिक आहे का, ते पाहावे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहीत असे, १९२९ मध्ये या प्रकाराचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत लवकर दिसलेला असावा, दैवी किंवा भुताटकीचा आधार घेऊ नये, योगायोगाने उकल होऊ नये आणि शोधकाला मिळालेला प्रत्येक दुवा वाचकालाही तेव्हाच मिळावा, हे त्यांतील आजही टिकलेले नियम आहेत. शेवटच्या दोन पानांत अचानक एखादा जुळा भाऊ उपटला किंवा आतापर्यंत न दिसलेला माळी गुन्हेगार निघाला, तर मूल चिडते आणि त्याचे चिडणे योग्य असते. असे पुस्तक पुन्हा घेऊ नये.

डोनाल्ड सोबोल यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी कथामालेत दहा वर्षांचा मुलगा शहरातील प्रकरणे सोडवतो आणि प्रत्येक प्रकरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी वेगळे छापलेले असते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ही मांडणी फार आवडते. मराठीत अशी पुस्तके अधिक यायला हवीत.

वर्गात किंवा वाचनालयात रहस्यकथा कशी वाचून घ्यावी?

आम्ही एक पद्धत वापरतो. कथा मोठ्याने वाचत जायचे आणि उकल होण्याच्या आधी पुस्तक मिटायचे. मग प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर संशयिताचे नाव आणि त्याखाली कारण लिहून चिठ्ठी रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. कारण नसलेली चिठ्ठी वाचली जात नाही. पाचवीतील एका मुलीने लिहिले होते, ‘दूधवाला. पावसातून आलो म्हणाला, पण छत्री कोरडी आहे.’ दुसऱ्या चिठ्ठीवर फक्त ‘मामा, कारण तो उगाच हसतो’ असे होते. मग उगाच हसणे हा पुरावा होतो का, यावर जी चर्चा झाली, ती मोठ्या माणसांनी ऐकावी अशी होती. एका मुलाने ‘मीपण घाबरलो की हसतो’ असे सांगितल्यावर मामाचे नाव सर्वानुमते मागे पडले.

बरोबर उत्तराला बक्षीस देऊ नये. बक्षीस ठेवले की मुले विचार करण्याऐवजी हुशार मुलाच्या चिठ्ठीकडे पाहू लागतात. उत्तर चुकले तरी कारण चांगले असेल, तर ते कारण फळ्यावर लिहावे.

ग्रंथपालांसाठी एक व्यावहारिक सूचना. खूप वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाची शेवटची पाने आधी निसटतात, आणि रहस्यकथेची नेमकी तीच पाने गेली तर पुस्तक निरुपयोगी होते. त्यामुळे नवी रहस्यकथा कपाटात जाण्यापूर्वीच दोऱ्याने शिवून, जाड पुठ्ठा लावून घ्यावी. देवघेवीच्या वेळी शेवटचे पान आहे ना, तेवढे पाहावे.

मुलाला स्वतः रहस्यकथा लिहायची आहे. कुठून सुरुवात करावी?

शेवटापासून. काय घडले, कोणी आणि का केले, हे त्याने आधी चार ओळींत लिहून काढावे आणि ती चार ओळींची चिठ्ठी कोणाला दाखवू नये. मग त्या घटनेच्या मागे कोणत्या खुणा राहिल्या असतील, याचा विचार करावा. त्यांतील तीन खुणा निवडाव्यात आणि कथेत अशा ठिकाणी ठेवाव्यात, की वाचकाला त्या दिसतील पण तेव्हा महत्त्वाच्या वाटणार नाहीत.

मुले पहिल्या कथेत हमखास लंडन, मुंबई किंवा एखादा जुना बंगला आणतात. त्यांना गावाकडे वळवावे. रावेरहून दिल्लीकडे निघालेल्या केळीच्या ट्रकमधील काही घड वाटेत कसे बदलले गेले? कानबाईच्या मिरवणुकीच्या गर्दीत हरवलेली पेटी दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे कशी आली? जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीला आग लागली तेव्हा राखणदाराचे जेवण अर्धे का राहिले होते? ज्या जागा मूल रोज पाहते, तेथील खुणा त्याला खऱ्या ठाऊक असतात. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, हे रावेरच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही, आणि एवढ्या एका डागावर पूर्ण कथा उभी राहू शकते.

कथा लिहून झाली की ती घरातील अशा माणसाला वाचायला द्यावी, ज्याने ती चार ओळींची चिठ्ठी पाहिलेली नाही. त्याने शेवटच्या पानाआधी थांबून आपला संशय सांगावा आणि मुलाने तो लिहून घ्यावा. वाचणाऱ्याला उत्तर पहिल्याच पानावर कळले तर खुणा फार उघड्या पडल्या आहेत. शेवटी सांगूनही पटले नाही तर एखादी खूण लिहायची राहून गेली आहे. दोन्ही वेळा कथा दुरुस्त करता येते, आणि दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा बराच चांगला उतरतो.